मीटर म्हणतो ०.४, स्कोप म्हणतो ४५: ॲनालॉग स्विचच्या करंटचा कोणता आकडा धरायचा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कशावर आहे ते कळेल. प्रश्नकर्त्याने शेतातल्या मातीचा ओलावा आणि तापमान नोंदवणारी एक पेटी बनवली आहे. आत एए आकाराचे तीन अल्कलाइन सेल आहेत, म्हणजे साडेचार व्होल्ट. आठ वाहिन्यांसाठी ७४एचसी४०५१ वापरला आहे, म्हणजे आठांपैकी सांगितलेली एक वाहिनी सामाईक पिनला जोडणारी ॲनालॉग स्विचची चिप. पहिल्या सहा वाहिन्यांवर सेन्सर, सातवी ग्राउंडला आणि आठवी थेट बॅटरीला, म्हणजे प्रत्येक फेरीत मोजमापाची दोन्ही टोकं तपासता येतात. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) वेगळा आहे आणि तोही साडेचार व्होल्टवरच चालतो. मायक्रोकंट्रोलर मात्र ३.३ व्होल्टचा आहे. नॉइज कमी व्हावा म्हणून सामाईक पिनवर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. सेकंदाला एक फेरी होते, बाकी वेळ सगळं झोपलेलं.

आता अडचण. डेटाशीटमध्ये (चिप बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात) चिपचा स्वतःचा करंट जास्तीत जास्त ८ मायक्रोअँप लिहिला आहे. सोळाव्या पिनच्या वाटेत लावलेला मीटर ०.४ मिलिअँप दाखवतो, म्हणजे पन्नास पट. आठव्या वाहिनीच्या तारेत १० ओहमचा रेझिस्टर घालून स्कोप (क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर प्रत्येक फेरीत ४० ते ४५ मिलिअँपचं टोक, म्हणजे क्षणभराची उसळी, दिसतं आणि डेटाशीट तर स्विचमधून २५ च्या वर जाऊ नका म्हणते. त्यांनी विचारलंय: "यातला खरा आकडा कोणता? चिप जळेल का? आणि मी फेऱ्या वाढवल्या तर खप किती वाढेल?"

माझं काम गेली वीसेक वर्षं मोजमापाची छोटी यंत्रं बनवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं आहे. हा गोंधळ मी इतक्यांच्या टेबलावर पाहिलाय की नीट बसून लिहावंसं वाटलं. तिन्ही आकडे खरेच आहेत. पण ते एकाच गोष्टीचे नाहीत, आणि खरी अडचण तिथे आहे.

४०५१ मध्ये दोन वेगळे व्यवहार चालतात. एक चिपच्या स्वतःच्या खर्चाचा. तो सोळाव्या पिनमधून आत येतो, आतल्या डिकोडरला (कुठली वाहिनी ते ओळखणाऱ्या भागाला) आणि गेटांना पोसतो. दुसरा स्विचमधून आरपार जाणाऱ्या सिग्नलचा. तो करंट चिप 'खात' नाही, फक्त वाट देते, आणि वाट देताना तिच्या रेझिस्टन्समध्ये थोडी उष्णता होते. तुमचा मीटर पहिल्या व्यवहाराकडे बघतोय, स्कोप दुसऱ्याकडे. डेटाशीटचे ८ मायक्रोअँप पहिल्याचे आहेत, २५ मिलिअँप दुसऱ्याचे. दोघांची एकमेकांशी तुलना केली तर हाती काहीच लागत नाही.

पहिला व्यवहार आधी घेऊ, कारण तुमची बॅटरी तोच संपवतोय.

सीमॉस चिप (४०५१ याच जातीची) शांत बसलेली असताना जवळजवळ काहीच घेत नाही. आतल्या प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये वरचा आणि खालचा असे दोन ट्रान्झिस्टर असतात आणि त्यातला एक नेहमी पक्का बंद असतो. मग सप्लायपासून ग्राउंडपर्यंत सलग वाट उरत नाही. ८ मायक्रोअँप ही २५ अंश तापमानाला दिलेली कमाल हमी आहे. प्रत्यक्षात खोलीच्या तापमानाला चिप त्याहून पुष्कळच कमी घेते. ८५ अंशांना हीच हमी ८० मायक्रोअँपची होते. पेटी उन्हात टांगणार असाल तर हे लक्षात असू द्या, कारण बंद डबीच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरंच चढतं.

पण "एक नेहमी पक्का बंद" हे तेव्हाच खरं, जेव्हा कंट्रोल पिन पुरता वर (सप्लायइतका) किंवा पुरता खाली (शून्यावर) असतो. तुमचा मायक्रोकंट्रोलर 'वर' म्हणताना ३.३ व्होल्ट देतो आणि चिपचा सप्लाय आहे ४.५. एचसी घराण्याला (७४एचसी नावाच्या चिपांना) ४.५ व्होल्टवर 'वर' मानायला किमान ३.१५ व्होल्ट लागतात. म्हणजे तर्काच्या हिशेबाने तुम्ही जेमतेम पास आहात आणि वाहिन्या बरोबर बदलतात. पण आतल्या वरच्या ट्रान्झिस्टरला सप्लायपेक्षा १.२ व्होल्ट खाली असलेला पिन दिसतो, आणि तेवढ्यावर तो पुरता बंद होत नाही. अर्धवट उघडा राहतो. खालचा पूर्ण उघडा असतोच. मग दोघांमधून सलग करंट वाहत राहतो, आणि तो फक्त स्विचिंगच्या क्षणी वाहत नाही. पिन त्या पातळीवर जितका वेळ बसेल तितका वेळ वाहतो. नवे सेल घातल्यावर तिघांचे मिळून ४.८ व्होल्ट होतात, तेव्हा स्थिती आणखी वाईट असते. जेमतेम पास असलेली पातळी तेव्हा नापास होते.

आता तुमच्या प्रोग्रामची एक गोष्ट जुळवून पाहा. फेरी आठव्या वाहिनीवर संपते. तिचा पत्ता १११. म्हणजे वाहिनी निवडणारे तिन्ही सिलेक्ट पिन 'वर' ठेवून तुम्ही झोपायला जाता. सेकंदातले बहुतेक मिलिसेकंद तीन पिन ३.३ व्होल्टवर लटकलेले असतात, आणि प्रत्येकामागे सव्वाशे-दीडशे मायक्रोअँप सांडत असतात. तिघांचे मिळून ०.४ मिलिअँप. मीटर खोटं बोलत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. झोपण्याआधी पत्ता ००० करा. शून्य व्होल्ट हे दोन्ही चिपांना सारखंच शून्य असतं. इनेबल पिन 'वर' करून स्विच बंद करायचा मोह होईल, पण तोही ३.३ वरच जाईल आणि तीच गळती सुरू होईल. म्हणून इनेबल खालीच ठेवा आणि पत्ता शून्य करा. झोपेत मायक्रोकंट्रोलरचे पिन इनपुट होणार नाहीत याचीही खात्री करा. पिन अधांतरी राहिला तर तो कुठल्या व्होल्टेजला जाऊन थांबेल याचा नेम नाही, आणि मधोमध थांबला तर सगळ्यात जास्त खातो. काही जण इथे एचसीटी घराण्याची चिप सुचवतील. तिला २ व्होल्ट 'वर' म्हणून पुरतात हे खरं, पण तुमची गळती त्याने थांबणार नाही. एचसीटीच्या डेटाशीटमध्ये प्रत्येक इनपुटमागचा जादा करंट वेगळ्या ओळीत दिलेला असतो, सप्लायपेक्षा २.१ व्होल्ट खाली असलेल्या पिनसाठी. ती ओळ शंभर मायक्रोअँपच्या आसपासची भाषा बोलते. पातळी ओळखणं वेगळं आणि करंट न सांडणं वेगळं.

फेऱ्या वाढवल्या तर काय, याचं उत्तर इथेच देते. प्रत्येक वेळी गेट वर-खाली होतं तेव्हा आतल्या कपॅसिटन्समध्ये थोडा चार्ज भरला आणि ओतला जातो. ४०५१ साठी हा कपॅसिटन्स प्रत्येक स्विचमागे साधारण २५ पिकोफॅरड धरा. कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज गुणिले सेकंदातल्या वेळा म्हणजे सरासरी करंट. सेकंदाला आठ वेळा स्विचिंग केलंत तर एक नॅनोअँपसुद्धा होत नाही. हजार वेळा केलंत तरी ०.११ मायक्रोअँप. दहा लाख वेळा केलंत तर मात्र ११० मायक्रोअँपच्या पुढे जाल. तुमच्या पेटीत हा भाग विसरून जा. लोक नेमक्या याच सूत्राला घाबरून वेग कमी करत बसतात आणि पिन लटकलेले तसेच राहतात.

तीन अल्कलाइन सेलची क्षमता हलक्या लोडला साधारण २५०० मिलिअँप-तास धरली तर ०.४ मिलिअँपवर फक्त ही एक चिप सगळी बॅटरी साडेआठ महिन्यांत संपवेल. पत्ता शून्य केल्यावर चिपचा वाटा १० मायक्रोअँपच्या आत येईल. मग सेल चिपमुळे नाही, वयाने मरतील.

आता दुसरा व्यवहार, स्कोपवरच्या टोकाचा. इथे मला थोडं सावकाश जायचंय.

सातव्या वाहिनीवर ग्राउंड वाचताना तुमचा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शून्यावर येतो. पुढच्याच क्षणी आठवी वाहिनी उघडते आणि रिकाम्या कपॅसिटरसमोर साडेचार व्होल्टची बॅटरी येते. मध्ये फक्त स्विचचा ऑन रेझिस्टन्स, म्हणजे स्विच चालू असतानाचा. ४०५१ ला साडेचार व्होल्टवर तो साधारण ८० ओहम असतो. साडेचार भागिले ८० म्हणजे ५६ मिलिअँप. तुम्ही मोजण्यासाठी १० ओहम घातलेत, म्हणून भागिले ९०, म्हणजे ५०. आणि तुम्हाला दिसले ४० ते ४५. हा उरलेला फरक मोजण्यातली चूक नाही. स्विचच्या दोन टोकांमध्ये मोठा फरक असला की आतला ट्रान्झिस्टर साध्या रेझिस्टरसारखा वागत नाही, करंट थोडा आवळतो. म्हणून व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स हा नेहमी वरच्या बाजूचा अंदाज समजावा. पुढचा हिशेब १० ओहम काढून आणि हा अंदाज धरूनच करते, म्हणजे सुरक्षित बाजूला राहू.

हे टोक ८० ओहम गुणिले १ मायक्रोफॅरड, म्हणजे ८० मायक्रोसेकंदांच्या वेगाने उतरतं. चारशे मायक्रोसेकंदांत विषय संपतो. मग सेकंदभर काही नाही.

आता या एकाच टोकाचे तीन आकडे काढू. पीक आहे ५६ मिलिअँप. सरासरी काढायला फक्त चार्ज बघायचा: १ मायक्रोफॅरड गुणिले साडेचार व्होल्ट म्हणजे साडेचार मायक्रोकूलोम, सेकंदातून एकदा, म्हणजे सरासरी ४.५ मायक्रोअँप. आणि आरएमएस, म्हणजे वर्ग करून सरासरी घेऊन वर्गमूळ काढलं, तर ०.३५ मिलिअँप. एकाच करंटचे तीन आकडे, आणि सगळ्यात मोठा सगळ्यात लहानाच्या बारा हजार पट.

या तिघांचं काम वेगवेगळं आहे. बॅटरी किती दिवस चालेल हे सरासरी सांगते, कारण सेलमधून चार्जच मोजून जातो. स्विच किती तापेल हे आरएमएस सांगतो, कारण रेझिस्टन्समधली उष्णता करंटच्या वर्गावर चालते. आणि त्या क्षणी सप्लाय किती खचेल, चिपच्या आतल्या बारीक धातूच्या पट्टीतून किती दाटीने करंट जाईल, हे पीक सांगतो. "खरा आकडा कोणता" याचं उत्तर तुम्ही कशाची काळजी करताय त्यावर ठरतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते: एक टोक घ्या आणि त्याचे तिन्ही आकडे हाताने काढा. कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर डेटाशीट वेगळी दिसते.

तापण्याचा हिशेब पूर्ण करू. पहिल्या क्षणी स्विचमध्ये साडेचार व्होल्ट गुणिले ५६ मिलिअँप, म्हणजे २५० मिलिवॅट जळतात. डेटाशीट एका स्विचला १०० मिलिवॅट देते आणि अख्ख्या पॅकेजला ५००. आकडा बघून धसका बसेल. पण हे काही मायक्रोसेकंदांपुरतं आहे. एका टोकात एकूण १० मायक्रोज्यूल उष्णता होते, सेकंदातून एकदा, म्हणजे सरासरी १० मायक्रोवॅट. पॅकेजचं तापमान तुम्हाला मोजता येईल इतकंही वाढणार नाही. तेव्हा "चिप जळेल का", तर या कारणाने आणि या वेगाने जळणार नाही.

मग २५ मिलिअँपच्या मर्यादेचं काय? इथे घराण्याप्रमाणे उत्तर बदलतं. मोजमापासाठी बनवलेल्या काही स्विचांच्या डेटाशीटमध्ये दोन ओळी असतात. डीजी४०८ घ्या: सतत ३० मिलिअँप, आणि पीक १०० मिलिअँप, पण १ मिलिसेकंदाचा पल्स आणि जास्तीत जास्त १० टक्के ड्यूटी (चालू असण्याच्या वेळेचा वाटा) या अटीवर. शंभर मिलिअँप दहा टक्के वेळ वाहिला तर त्याचा आरएमएस ३१.६ येतो. म्हणजे दोन्ही ओळी उष्णतेच्या हिशेबाने जवळपास तेच सांगतात. सरासरी मात्र फक्त १० मिलिअँप असते. ज्यांनी सरासरीवर भरवसा ठेवून "अजून तीनपट जागा आहे" असं मानलं, त्यांचा स्विच मर्यादेवर आधीच पोचलेला असतो. आणि १ मिलिसेकंदाची अट का? सिलिकॉनवरचा तो इवलासा भाग पॅकेज गरम होण्याच्या कितीतरी आधी गरम होतो. दहा टक्के ड्यूटी म्हणजे एक सेकंद चालू आणि नऊ सेकंद बंद असंही होतंच की. पण त्या एका सेकंदात स्विचला ते शंभर मिलिअँप सतत वाहिल्यासारखेच असतात.

७४एचसी४०५१ मध्ये अशी दुसरी ओळ नाही. एकच आकडा आहे, २५ मिलिअँप, आणि तोही कमाल मर्यादांच्या तक्त्यात. पल्ससाठी वेगळी सूट लिहिलेली नसेल तर मी ती धरत नाही. कुठल्याही क्षणी त्याच्या वर जायचं नाही, असंच मानते. आणि कमाल मर्यादांचा तक्ता हा काम करण्याचा तक्ता नव्हे. तिथे फक्त नुकसान कुठे सुरू होऊ शकतं ते लिहिलेलं असतं.

शिवाय याच डेटाशीटमध्ये तळाला एक बारीक टीप आहे. ती फार थोडे लोक वाचतात आणि माझ्या मते तीच खरी मर्यादा आहे. वाहिनीकडून सामाईक पिनकडे करंट जात असताना स्विचवरचा व्होल्टेज ड्रॉप ०.४ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर सामाईक पिनमधून चिपच्या सप्लायचा करंटही बाहेर पडू लागेल. आतल्या ट्रान्झिस्टरांचे मूळचे डायोड अर्धवट चालू होतात, म्हणून हे घडतं. ०.४ व्होल्ट भागिले ८० ओहम म्हणजे ५ मिलिअँप. पंचवीस मिलिअँप सतत वाहिले तर ड्रॉप होतो २ व्होल्ट. उष्णता तेव्हा ५० मिलिवॅट, म्हणजे मर्यादेच्या निम्मीच, पण मोजमापाच्या दृष्टीने तो स्विच तोवर निकामी झालेला असतो. उष्णतेची भिंत लागायच्या खूप आधी ही भिंत लागते.

हे मी पुस्तकातून नाही, नुकसानीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका द्राक्षांच्या शीतगृहासाठी तापमान नोंदणारं यंत्र दुरुस्तीला आलं होतं. पाच व्होल्टवरचा ४०५१, आणि आकडे स्थिर दिसावेत म्हणून कुणीतरी सामाईक पिनवर ४७ मायक्रोफॅरड बसवला होता. सेकंदाला पन्नास वेळा वाहिनी बदलायची. तीन-चार महिन्यांनी एक-दोन वाहिन्या चुकीचं तापमान दाखवायला लागायच्या, चिप बदलली की ठीक, पुन्हा काही महिन्यांनी तेच. मी दोनदा चिप बदलून दिली आणि दोन्ही वेळा चिपच खराब निघाली असं समजले. तिसऱ्या वेळी काढलेल्या चिपचा ऑन रेझिस्टन्स वाहिनीवार मोजला, तर खराब वाहिन्यांचा शेजारच्यांच्या दुपटीहून जास्त होता. मग स्कोप लावला. प्रत्येक टोक साठ मिलिअँपच्या वर आणि उतरायला काही मिलिसेकंद. पूर्ण व्होल्टेजच्या उडीला एका वेळी जवळपास ५९० मायक्रोज्यूल. सरासरी उष्णता तरीही तीसेक मिलिवॅटच्या आत, म्हणून चिपला हात लावला तर कोमटसुद्धा लागत नव्हती. मी एक रेझिस्टर घातला, कपॅसिटर लहान केला, आणि त्यानंतर ते यंत्र त्या तक्रारीसाठी परत आलं नाही. तेव्हापासून सरासरी बघून मी निश्चिंत होत नाही.

तर तुमच्या सर्किटमध्ये मी काय करेन. सामाईक पिन आणि कपॅसिटर यांच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घालेन, आणि एडीसी कपॅसिटरच्या बाजूने वाचेन. आता पहिल्या क्षणीचा करंट साडेचार भागिले १०८०, म्हणजे सव्वाचार मिलिअँपच्या आत. स्विचवरचा ड्रॉप ०.३३ व्होल्ट. नवे सेल घातले तरी ०.४ च्या खाली. कपॅसिटर भरताना जळणारी एकूण ऊर्जा रेझिस्टरने बदलत नाही. रेझिस्टन्स ८० असो की १०८०, तेवढीच जळते. फक्त कुठे जळते ते बदलतं. आता तिच्यातले ९३ टक्के बाहेरच्या रेझिस्टरमध्ये जातील, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

पण इथे एक फास आहे. १ मायक्रोफॅरड तसाच ठेवलात तर आता कपॅसिटर भरायचा वेग १ मिलिसेकंदाहून जास्त झाला. बारा बिटांच्या अचूकतेसाठी त्याच्या नऊपट थांबावं लागतं, म्हणजे एका वाहिनीला जवळपास १० मिलिसेकंद, आठ वाहिन्यांना ८०. तेवढा वेळ मायक्रोकंट्रोलर ५ मिलिअँपवर जागा राहिला तर सरासरी ४०० मायक्रोअँप तिथेच गेले. पिनांची गळती वाचवून जे कमावलं ते वाट पाहण्यात घालवलं. म्हणून कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड करा. मग वाहिनीला १ मिलिसेकंद, आठांना ८, आणि सरासरी ४० मायक्रोअँप. वाट पाहताना टायमर लावून झोपता आलं तर त्याहून कमी. नॉइजसाठी मोठा कपॅसिटर हवाच असेल तर तो प्रत्येक सेन्सरच्या बाजूला ठेवा, सामाईक पिनवर नको. तिथे तो कायम आपल्याच सेन्सरच्या व्होल्टेजला भरलेला राहतो आणि दर फेरीला रिकामा होत नाही. सामाईक पिनवरचा मोठा कपॅसिटर मागच्या वाहिनीची आठवण पुढच्या वाहिनीत घेऊन जातो हा तोटा वेगळाच.

हे सगळं सेन्सर कसा आहे यावर अवलंबून आहे, हे सांगायलाच हवं. तुमचे ओलाव्याचे सेन्सर १० किलोओहमच्या डिव्हायडरमधून (व्होल्टेज वाटून देणाऱ्या रेझिस्टरांच्या जोडीतून) येत असतील तर त्या सहा वाहिन्यांवर अर्धा मिलिअँपसुद्धा वाहणार नाही. सेन्सर स्वतःच करंट आवळतो. तिथे थांबायचा वेळ मात्र त्या १० किलोओहमच्या हिशेबाने वाढवा. ऑपॲम्पचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) आउटपुट थेट येत असेल तर ते बॅटरीसारखंच जोरात ढकलू शकतं. टोकाचा त्रास तुमच्याकडे ग्राउंड आणि बॅटरी शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे सर्वात जास्त दिसतोय.

"मग कमी ऑन रेझिस्टन्सचा भारी स्विच का घेऊ नये?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या, पण कशासाठी ते ठरवून. आज १ ओहमच्या आसपासचे स्विच सहज मिळतात. सतत करंट वाहून न्यायचा असेल, स्पीकर किंवा छोटा लोड जोडायचा असेल, तर ते उत्तम. पण रिकाम्या कपॅसिटरसमोर तोच स्विच उघडला तर ८० ओहमची आपोआप मिळणारी आडकाठी गेली. कागदावर टोक अँपिअरमध्ये जाईल. आणि रेझिस्टन्स कमी करण्यासाठी आतला ट्रान्झिस्टर मोठा करावा लागतो, म्हणजे त्याचं गेट मोठं, म्हणजे प्रत्येक स्विचिंगला लागणारा चार्जही जास्त. सतत करंटसाठी चांगला असलेला स्विच पीकसाठी चांगला असेलच असं नाही. मोजमापाच्या कामात मला ८० ओहम कधी नडला नाही.

अजून एक. वीज वाचवायला चिपचा सप्लायच मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून देऊन झोपेत बंद करण्याचा विचार मनात येईल. तुमच्या जोडणीत तो करू नका. आठव्या वाहिनीवर बॅटरी कायम जोडलेली आहे. सोळावा पिन शून्यावर गेला की बॅटरी त्या वाहिनीच्या आतल्या डायोडमधून चिपला मागच्या दाराने पोसायला लागते, आणि तिथे करंट रोखणारं काहीच नसतं. तो मार्ग हवाच असेल तर बॅटरी आधी दोन मोठ्या रेझिस्टरांच्या डिव्हायडरमधून आणा.

पुढे ही पेटी नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर न्यायचा तुमचा विचार आहे, त्याबद्दल. आज अल्कलाइन सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स एक ओहमच्या आतबाहेर आहे, त्यामुळे ५६ मिलिअँपच्या टोकाने सप्लाय हलतही नाही. नाण्याच्या सेलचा तो नवा असतानाच दहाच्या घरात असतो आणि सेल जुना झाला किंवा थंडी पडली की आणखी चढतो. २० ओहम धरा: स्विचचे ८० मिळून १०० ओहम, म्हणजे ३ व्होल्टवर टोक ३० मिलिअँपपर्यंत, आणि सेलमध्येच ०.६ व्होल्ट गायब. मायक्रोकंट्रोलर रीसेट होऊ शकतो, आणि मीटर सरासरी काही मायक्रोअँपच दाखवत राहील. तुम्हाला कारण सापडणार नाही. १ किलोओहम घातलेला असेल तर ३ व्होल्टवर टोक ३ मिलिअँपच्या आत राहतं आणि सेलला ते पेलतं. तरीही सेलच्या समांतर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरड ठेवा, आणि चिपच्या सोळाव्या पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरड. एका सप्लायवर काम करताना सातवा पिन ग्राउंडला असतो ना, तेही पुन्हा बघून घ्या.

शेवटी मोजायचं कसं. मायक्रोअँपच्या रेंजवर मीटरच्या आत बहुधा शंभर-एक ओहम असतात. तो सप्लायच्या वाटेत ठेवून सर्किट जागं केलं की त्याच्यावरच व्होल्टेज पडतं आणि सर्किट वेगळं वागतं. मी असं करते: ४७०० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर सप्लायला जोडून साडेचार व्होल्टला भरायचा, बॅटरी काढायची आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज ०.१ ने उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. आधी फक्त कपॅसिटर आणि मीटर ठेवून त्यांची स्वतःची गळती मोजा आणि ती वजा करा. फक्त ही चिप त्यावर चालवली आणि पत्ता १११ ठेवला, तर तुम्हाला सव्वा सेकंदाच्या आसपास मिळेल. पत्ता ००० करून पुन्हा करा. करंट १० मायक्रोअँपच्या आत आला असेल तर तोच ०.१ व्होल्ट उतरायला पाऊण मिनिटाहून जास्त लागेल. तेवढं मिळालं नाही, पाच-दहा सेकंदांतच उतरलं, तर अजून कुठलातरी पिन अधांतरी आहे. सगळ्यात आधी इनेबल तपासा.